एआयएसवर जवळची जहाजं दिसतात, लांबची गायब: नवीन डबा घेण्याआधी हे बघा

पावसाळा संपला, बोटी पाण्यात उतरल्या, शिडाच्या काठ्या उभ्या राहिल्या की पहिल्या दोन-तीन वीकेंडात मुंबई-मांडवा पट्ट्यात एआयएसचा, म्हणजे जहाजं आपली ओळख, जागा आणि वेग रेडिओवरून आपोआप एकमेकांना कळवतात त्या यंत्रणेचा, हाच प्रश्न येतो, दरवर्षी. कुणी म्हणतो टॅबलेटवर शेजारी नांगरलेले दोन टँकर दिसतात पण खांदेरीकडून आत येणारं कंटेनर जहाज डोळ्यांना दिसेपर्यंत स्क्रीनवर येतच नाही. दुसरा म्हणतो मला सगळे दिसतात पण मी कुणाला दिसत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, दिवसा झकास चालतं आणि रात्री मेलं. आणि तिघांचा निष्कर्ष एकच, डबा (एआयएसचा सेट) गेला, नवीन घ्यावा लागणार.

डबा सहसा जात नाही हो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा लोचा डब्याच्या मागच्या सॉकेटपासून काठीच्या टोकावरच्या अँटेनापर्यंतच्या वायरीत असतो, त्याखालोखाल बॅटरीच्या वायरीत, मग सेटिंगमध्ये, आणि डबा सगळ्यात शेवटी. आणि आपण सुरुवात मात्र डब्यापासून करतो कारण तो समोर दिसतो, काठीवर कोण चढणार.

हे एवढं मनावर का घ्यायचं तर हिशोब करा. समोरून १५ नॉट्सने (तासाला १५ सागरी मैल) जहाज येतंय, आपण ५ नॉट्सने त्याच्याकडे चाललोय, म्हणजे अंतर २० नॉट्सने कमी होतंय. १२ मैलांवर दिसलं तर ३६ मिनिटं हातात, चहा करून, विचार करून, आरामात टॅक मारता (दिशा बदलता) येतो. २ मैलांवर दिसलं तर ६ मिनिटं. वारा पडलेला असेल आणि इंजिन कुरकुर करत असेल तर ६ मिनिटं म्हणजे काहीच नाही.

आधी बिघाड काय आणि नॉर्मल काय ते वेगळं करू, कारण अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. आपल्या छोट्या बोटींवर असतो तो क्लास बी सेट, त्यातला साधा प्रकार २ वॅटचा. मोठ्या जहाजावरचा क्लास ए १२.५ वॅटचा. जहाज चालत असताना तो दर २ ते १० सेकंदांनी बोंबलतो, आपला २ नॉट्सच्या वर वेग असेल तर दर ३० सेकंदांनी, आणि त्याखाली गेलो की ३ मिनिटांतून एकदा. म्हणजे मूरिंगवर बसून मित्राला विचारत बसलात की दिसतोय का, दिसतोय का, तर ३ मिनिटं थांबावंच लागेल, आणि वारा नसलेल्या दुपारी तरंगत असाल तरी तेच. बोटीचं नाव वेगळ्या मेसेजमध्ये जातं, दर ६ मिनिटांनी, त्यामुळे सुरुवातीला नुसता नंबर दिसतो आणि नाव नंतर येतं, तो बिघाड नाही. शिवाय साधा क्लास बी आधी ऐकतो, जागा मोकळी आहे का बघतो आणि मगच पाठवतो, बंदराच्या तोंडाशी गर्दी असली की थोडं इकडेतिकडे होणारच.

आणि कृपा करून मोबाइलवरच्या त्या जहाजांच्या ॲपमध्ये स्वतःला शोधून निष्कर्ष काढू नका. ते ॲप म्हणजे किनाऱ्यावर कुणीतरी लावलेल्या रिसीव्हरने जे ऐकलं ते इंटरनेटवरून उशिराने आपल्याला दाखवणं. तिथला रिसीव्हर बंद असेल, मध्ये बिल्डिंग असेल, तर तुमचा सेट ठणठणीत असूनही तुम्ही दिसणार नाही. उलटही होतं, बोटीवर मोबाइलचं नेट चालू असतं आणि ॲपमध्ये चाळीस जहाजं दिसतात म्हणून लोक खुश, मग अलिबागच्या पुढे रेंज गेली की सगळी एकदम गायब, कारण ती बोटीच्या सेटवरून येतच नव्हती. खरी परीक्षा एकच, मैल-दोन मैलांवरच्या दुसऱ्या बोटीला तिच्या स्वतःच्या प्लॉटरवर (नकाशाच्या स्क्रीनवर) बघायला सांगा, मग तिलाच पाच-सात मैलांवरून परत विचारा. जवळून दिसतो आणि लांबून नाही असं उत्तर आलं तर सेट पाठवतोय पण ताकद वाटेत कुठेतरी सांडतेय.

आता रात्रीची केस, कारण ती सगळ्यात सोपी आहे आणि सगळ्यात जास्त लोकांच्या लक्षात येत नाही. रात्री नेव्हिगेशनचे दिवे लावले की जहाजं गळायला लागतात, व्हीएचएफवर, म्हणजे बोलायच्या रेडिओवर, पण शुकशुकाट. गुन्हेगार बहुतेक वेळा काठीच्या टोकावरचा एलईडी दिवा. बल्ब काढून स्वस्तातला एलईडी बसवला, करंट वाचला, पण त्याच्या आतलं ड्रायव्हर सर्किट रेडिओच्या बँडमध्ये गोंगाट करतं आणि अँटेना त्याच्यापासून वीतभर अंतरावर. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये यावर खास सूचना काढली होती, म्हणजे हे आपल्याकडचंच खूळ नाही. तपासायची पद्धत फुकट आहे: एलईडी बंद करा, व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनलवर न्या, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) कमी करत जा, खरखर ऐकू आली की हळूहळू परत वाढवा आणि खरखर जिथे नेमकी थांबते तिथेच ठेवा. आता दिवा लावा. खरखर परत आली तर चोर सापडला. मग हाच खेळ एकेका वस्तूबरोबर करा, सोलरचा कंट्रोलर, फ्रिज, पंखा, आणि सिगरेट सॉकेटमध्ये घुसवलेला तो रस्त्यावरचा यूएसबी चार्जर, तो तर हमखास निघतो. फेराइटचे मणी वायरीवर अडकवून थोडा फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे रेडिओला त्रास देत नाही असं सर्टिफिकेट असलेला मरीन दिवा घेणं, नाहीतर एआयएसची अँटेना तिथून हलवणं.

दिवसाही रेंज नसेल तर वायरीकडे वळा. बोटीवर व्हीएचएफ आणि एआयएसला दोन वेगळ्या अँटेना असतील तर मग काम सोपं आहे, दोघांच्या वायरी आलटून लावून बघा. एआयएसला व्हीएचएफची वायर लावली आणि लांबची जहाजं आली, तर डबा निर्दोष, एआयएसची अँटेना किंवा तिची वायर दोषी. लावूनही काही फरक नाही तर मगच डब्याकडे संशयाने बघा. हे करताना एकच पथ्य, अँटेना जोडलेली नसताना सेट चालू करू नका आणि माइकचं बटण दाबू नका, पाठवलेली ताकद बाहेर जायला वाट नाही मिळाली तर ती उलटी फिरून सेटच्या आतल्या पार्टवर येते.

वायरीत पहिली जागा काठीच्या बुडाशी. पावसाळ्यासाठी काठी उतरवताना जो जोड सोडता तोच. तिथलं पीएल-२५९ कनेक्टर चार महिने यार्डात तसंच उघडं लोंबकळत असतं, फार तर एक प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. उघडून बघा, मधली पिन काळी किंवा हिरवी, बाहेरची जाळी पावडर झालेली. हे साफ करून परत लावू नका. वायर तीन-चार इंच कापा, आतली जाळी तांब्याच्या रंगाची चकचकीत दिसते का बघा, काळपट असेल तर अजून कापा, आणि तरी काळपटच असेल तर पाणी आतपर्यंत चढलंय, पूर्ण वायर बदला. कनेक्टर घेताना लॅमिंग्टन रोडवर सगळ्यात स्वस्त मिळतं ते निकेलवालं घेऊ नका, त्यावर सोल्डर नीट बसतच नाही आणि आतलं प्लास्टिक सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळून पिन तिरकी होते. सिल्व्हर प्लेटेड, आत टेफ्लॉन असलेलं मागा. जोड झाल्यावर आधी सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःतच चिकटून एकजीव होणारी) ताणून गुंडाळा, त्यावर साधी काळी टेप, म्हणजे उन्हाने खालची सडत नाही. नुसती काळी इन्सुलेशन टेप लावली तर ती मेपर्यंत चिकट चिखल होते आणि पाणी आत धरून ठेवते, त्यापेक्षा न लावलेली बरी.

वायर कुठली आहे तेही वाचा, तिच्या अंगावर छापलेलं असतं. आरजी-५८ म्हणजे बारीकवाली, १५ मीटरमध्ये या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ अर्धी ताकद खाते. २ वॅटच्या सेटमधून वर १ वॅट पोचला, मग म्हणायचं जहाजांना मी दिसत नाही. काठीवर जायचं असेल तर जाड आरजी-२१३ घ्या, वजन नको असेल तर निदान आरजी-८एक्स. आणि डिश टीव्हीची वायर तर नकोच, हो, लावतात लोक, दिसायला तशीच असते म्हणून. ती ७५ ओहमची, आपल्याला ५० ओहमची हवी. एवढ्यावर एखादवेळ भागूनही जाईल, पण तिच्यात ॲल्युमिनियमची फॉइल आणि जाळी असते, ती सोल्डर होत नाही आणि खाऱ्या हवेत एका सीझनमध्ये भुगा होतो.

एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे पाठवलेली ताकद किती परत येते ते दाखवणारा, असेल तर लावा. दीडच्या आत असेल तर उत्तम, २ पर्यंत चालवून घ्या, ३ म्हणजे पाठवलेल्यातली पाव ताकद परत येतेय, कुठेतरी नक्की घोळ आहे. पण हा मीटर खोटंही बोलतो आणि ते फार कमी लोक सांगतात. वायरीत पाणी शिरलं असेल तर वर जाणारी ताकद वाटेतच जिरते आणि परत येणारीही जिरते, त्यामुळे खाली मीटरला परतीचं काही दिसतच नाही आणि आकडा एकदम सुंदर येतो. म्हणजे जुनी सडकी वायर, रेंज काही नाही, आणि एसडब्ल्यूआर १.१ असं दिसलं तर आनंद मानू नका, तो आकडाच संशयास्पद आहे. शक्य असेल तर वरच्या टोकाला, अँटेनाच्या जवळ मीटर लावून माप घ्या.

तसंच मल्टिमीटरचं. मधल्या पिन आणि बाहेरच्या जाळीत शॉर्ट दाखवतोय म्हणून वायर फेकून देणारे पाहिलेत. कित्येक अँटेनांच्या बुडाशी आतून कॉइल असते आणि त्या डीसीला शॉर्टच दाखवतात, तसंच बनवलेलं असतं त्यांना. अँटेना सोडवा आणि मग नुसती वायर तपासा, तेव्हा पिन ते जाळी ओपन पाहिजे आणि पिन ते पिन कंटिन्युटी पाहिजे.

आता माझं मत, पटलं तर घ्या. २५-३० फुटी बोटीवर एआयएससाठी काठीच्या टोकाचा हट्ट धरू नका, मागच्या रेलिंगवर मीटरभर उंचीची वेगळी अँटेना लावा. रेडिओचं क्षितिज काढायचं सोपं गणित आहे, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, २.२५ ने गुणा, सागरी मैल मिळतात, दोन्ही बाजूंचे मैल मिळवा. काठीच्या टोकावर ९ मीटर म्हणजे पावणेसात मैल. जहाजाची अँटेना ३६ मीटरवर असेल तर त्याचे साडेतेरा. एकूण २० मैल. आता आपली अँटेना रेलिंगवर सव्वादोन मीटरवर आणली, तर आपले साधारण ३.४, जहाजाचे तेच साडेतेरा, एकूण १७. म्हणजे कागदावर तीन मैल गेले, आणि बदल्यात वायर १५ मीटरच्या ऐवजी ४ मीटर झाली, काठीच्या बुडाचा तो सडणारा जोडच गेला, एलईडी दिवा लांब राहिला, आणि रिपेअर करायला काठीवर चढावं लागत नाही. उंचीचं काम मोठं जहाज आपल्यासाठी करतंय, करू द्या की. दोन छोट्या बोटींना एकमेकांशी बोलायचं असेल तिथे मात्र काठी लागते, टोकाटोकाला साडेतेरा मैल आणि रेलिंग ते रेलिंग जेमतेम पावणेसात, म्हणून व्हीएचएफ वर राहू द्या.

दुसरा फायदा, काठी पडली तर सगळं एकदम जात नाही. अभिलाष टॉमींची थुरिया ही बोट सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या रेसमध्ये दक्षिण हिंदी महासागरात उलटीपालटी होऊन काठी मोडली, तेव्हा त्यांचा निरोप पोचला तो सॅटेलाइटच्या टेक्स्ट यंत्रावरून. आपण काही तिकडे जात नाही, पण मुरूडच्या बाहेर शॅकल तुटून काठी गेली तरी रेलिंगवरची अँटेना आपत्कालीन म्हणून व्हीएचएफला लावता येते, कनेक्टर एकच ठेवा म्हणजे झालं.

अँटेना घेताना जास्त गेन म्हणजे जास्त रेंज असं दुकानदार सांगेल. शिडाच्या बोटीला ३ डीबी गेनवालीच घ्या. ६ डीबीची अँटेना आपली ताकद चपट्या पट्ट्यात फेकते, बोट २०-२५ अंशांवर कलली की तो पट्टा एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला घारींकडे. अजून एक, एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालतं आणि चॅनल १६ (हाक मारायचा आणि संकटाचा) आहे १५६.८ वर, त्यामुळे नुसत्या बोलण्यासाठी ट्यून केलेली काही अँटेना एआयएसला तेवढी बरी पडत नाही. एआयएससाठी म्हणून मिळते ती घ्या.

एकच अँटेना दोघांत वाटून घेणारा स्प्लिटर असेल तर तो मध्ये एक जादा संशयित. थोडा वेळ स्प्लिटर काढून अँटेना थेट एआयएसला लावा, सुधारलं तर स्प्लिटर किंवा त्याच्या आजूबाजूचे तुकडे. स्प्लिटर ॲक्टिव्हच पाहिजे, ट्रान्समिट करणाऱ्या सेटसाठी बनवलेला, त्याला स्वतःचा करंट लागतो आणि त्याचा फ्यूज उडाला की लोक आठवडाभर अँटेना शोधत बसतात. टीव्हीचा टी-जोड कधीच नको, व्हीएचएफचे २५ वॅट सरळ एआयएसच्या कानात जातील. आणि चांगल्या स्प्लिटरवरही तुम्ही माइक दाबून बोलताय तोवर एआयएस गप्प असतं, गप्पिष्ट लोकांनी हे लक्षात घ्यावं.

करंटचं थोडक्यात: रेडिओ ऐकू व्यवस्थित येतो पण माइक दाबला की स्क्रीन मंद होते किंवा सेट रीस्टार्ट होतो, म्हणजे व्होल्टेज पडतंय. २५ वॅटवर व्हीएचएफ ५-६ अँपिअर ओढतो. मीटर बॅटरीवर नाही, सेटच्या मागच्या पिनांवर लावा, आणि माइक दाबलेला असताना वाचा. बॅटरीवर १२.६ आणि सेटवर १०.८ दिसले तर वायर बारीक आहे नाहीतर फ्यूज होल्डर गंजलाय, बहुतेक वेळा फ्यूज होल्डर. एआयएस सरासरीने कमी खातं पण पाठवायच्या क्षणी त्यालाही झटका लागतो, म्हणून ऐकणं चालू आणि पाठवणं बंद असा अर्धवट प्रकार व्होल्टेजमुळेही होतो.

मला सगळे दिसतात, मी कुणाला नाही, यात अँटेना बरी निघाली तर या गोष्टी बघा. सायलेंट मोडचा स्विच चुकून दाबला गेलाय का, बऱ्याच सेटवर त्याचा निळा दिवा असतो. सेटला स्वतःच्या जीपीएसवर जागा सापडतेय का, कारण क्लास बी आपली जागा स्वतःच्या जीपीएसवरूनच काढतो आणि ती नसेल तर पाठवतच नाही, प्लॉटरला जीपीएस आहे याचा इथे उपयोग नाही. नवीन सोलर पॅनल बसवलं आणि ते नेमकं जीपीएसच्या टोपीवर आलं, हा अगदी ठरलेला किस्सा. आणि एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीचा नऊ आकडी रेडिओ ओळख क्रमांक, भरलाय का. तो भरला नसेल तर सेट नुसता ऐकतो.

एमएमएसआयवरून आठवलं, बाहेरून जुना सेट आणलेला असेल तर आत आधीच्या मालकाचा नंबर असतो. भारतीय बोटीचा नंबर ४१९ ने सुरू होतो, ब्रिटनचा २३२ ते २३५ ने. तुम्ही मांडव्याला आणि तुमची बोट समोरच्याच्या स्क्रीनवर ब्रिटिश झेंड्याखाली, वर कुणी शोधायला निघालं तर फोन जाणार ब्रिटनला. हा नंबर सेटमध्ये एकदाच भरता येतो, नंतर बदलायला डीलर किंवा कंपनीच लागते, म्हणून नऊ आकडे दोघांनी मिळून वाचून भरा. डीएससीवाल्या (बटणावर डिजिटल हाक पाठवणाऱ्या) व्हीएचएफमध्ये तोच नंबर पाहिजे, वेगळा नाही.

सेट चांगला, अँटेना चांगली, आणि प्लॉटरवर एकही जहाज नाही, तर हे डेटाच्या वायरीचं. बोटीवरची यंत्रं एकमेकांना डेटा देतात त्या जुन्या एनएमईए ०१८३ पद्धतीत एआयएस ३८४०० वेगाने बोलतं आणि साधं जीपीएस ४८०० ने. प्लॉटरचं ते पोर्ट ४८०० वर राहिलं की त्याला काही कळत नाही. उलट व्हीएचएफला जागा पुरवायची असेल तर बहुतेक रेडिओंना ४८०० च लागतं, म्हणून एकाच वायरीवर दोघांना लटकवलं की एक जण कायम रुसलेला. एनएमईए २००० असेल तर करंट बंद करून डेटाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास आलं पाहिजे, १२० आलं तर एका टोकाचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) गायब. वायफायवर टॅबलेट असेल तर आधी हे बघा की टॅबलेट गुपचूप बोटीचं वायफाय सोडून मोबाइल नेटवर गेला नाही ना, या वायफायला इंटरनेट नाही म्हणून तो स्वतःच उडी मारतो.

राहिला व्हीएचएफ. अमेरिकेतून मागवलेला सेट असेल तर तो यूएसए मोडवर येतो, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मोड पाहिजे, नाहीतर १६ वर सगळं छान आणि काही कामाच्या चॅनलवर तुम्ही एका फ्रिक्वेन्सीवर आणि बंदर दुसऱ्याच. १ वॅटचं बटण दाबलेलं राहतं, स्क्रीनच्या कोपऱ्यात लो लिहिलेलं असतं, बघा. रेडिओ चेकसाठी १६ वर हाका मारत बसू नका, ओळखीच्या बोटीला कामाच्या चॅनलवर बोलवा, डीएससी तपासायचं तर मेनूमध्ये टेस्ट कॉल असतो. संकटाचं लाल बटण उघडून काय होतं बघू, हे अजिबात नाही.

आणि एखाद्या रविवारी पूर्ण बंदराला कुणाच्यातरी बोटीवरची गाणी आणि भजी कुठे ठेवलीत ही चर्चा १६ वर ऐकू येत असेल, तर आधी आपलाच माइक कुशनखाली दबलाय का ते बघा. सेटवर टीएक्सचा (पाठवतोय असा) दिवा सतत लागलेला दिसेल. बटणाच्या आत मीठ साचून ते दाबलेलंच राहतं, माइक खोलून गोड्या पाण्याने धुवून, वाळवून लावला की बहुतेक वेळा सुटतं, नाहीतर माइक वेगळा मिळतो, त्यासाठी पूर्ण सेट बदलायची गरज नाही.